आमची विमाने, परक्यांचे आभाळ

मध्यंतरी आमच्या तालुक्याच्या गावी एक सभा भरली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला, ही बातमी आमच्या गावाला जरा उशिराच पोचली. पण पोचली ती एक कल्पना घेऊनच. निवृत्त विमाने सरकार कुठे ना कुठे देणार, मग आपल्याच चौकाने काय घोडे मारले आहे? चौथरा बांधायचा, विमान वर चढवायचे, खाली रंगीत दिवे लावायचे आणि उद्‌घाटनाला मंत्री आणायचे. शाळामास्तर म्हणजे गावाचा फुकटचा अर्जनवीस. तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी कागद पुढे ओढला आणि म्हणालो, "मागायचेच आहे तर उडणारे मागू या."

सभा हसली. अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवून हसून घेतले. एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता हे आम्हांला माहीत आहे!" त्या हसण्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख. दिवाळीच्या फराळावर हा तिखट तुकडा कुणाला जड गेला, तर क्षमा असावी.

चौकातले विमान म्हणजे काय असते, हे आधी पाहू. ते चौथऱ्यावर चढवण्यापूर्वी त्याच्या पोटातले इंजिन बहुधा काढून घेतलेले असते, घड्याळे काढलेली असतात, तेल निथळून गेलेले असते. राहते ते टरफल. पहिल्या वर्षी त्याला चांदीचा रंग असतो. दुसऱ्या वर्षी वैमानिकाच्या जागेत पारवे अंडी घालतात. तिसऱ्या वर्षी पंखाला निवडणुकीच्या फलकांच्या दोऱ्या बांधल्या जातात. शिकारखान्यात भुसा भरून ठेवलेला वाघ आणि हे विमान यांत मला काही फरक दिसत नाही. वाघाचे एक बरे, की त्याला पाहून कुणी म्हणत नाही, "आम्ही वाघाचे जतन केले."

आता माझ्या आजीची गोष्ट सांगतो. माझे आजोळ उमरग्याकडचे. आजी सांगत असे, "इमानं आली, इमानं आली म्हणून सगळी ओरडली, आन आम्ही पोरीसोरी तुरीत आडव्या पडलो." हा सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजा निघाल्या होत्या. १३ तारखेला सोलापूरच्या बाजूने आलेल्या फौजेने नळदुर्ग घेतला आणि ती उमरग्याला येऊन थांबली. पुढे राजेश्वरच्या वाटेवर निजामाचे सैनिक दबा धरून बसल्याचे विमानांनी टेहळणीत पाहिले, आणि १४ तारखेला टेम्पेस्ट जातीच्या लढाऊ विमानांनी ती वाट मोकळी केली. १५ तारखेला दुसरी एक फौज जालन्याहून लातूरकडे वळली. १७ तारखेला निजाम शरण आला. त्या तारखेला आपण दर वर्षी झेंडावंदन करतो, मुले भाषणे पाठ करून म्हणतात. पण ज्या टेम्पेस्टच्या आवाजाने माझी आजी तुरीत आडवी पडली, तो आवाज त्या मुलांपैकी एकानेही ऐकलेला नाही.

तो आवाज आज ऐकायचा असेल तर इंग्लंडला जावे लागेल. २०२३ मध्ये तिथल्या सायवेलच्या धावपट्टीवरून एक टेम्पेस्ट पुन्हा आकाशात गेले. ते मूळचे इंग्रजांनी बांधलेले हे खरे. पण १९४७ नंतर ते आपल्या हवाई दलात होते, आपला क्रमांक अंगावर घेऊन. पन्नाशीच्या दशकात जेट विमाने आली तशी आपण टेम्पेस्ट विमाने सेवेतून काढली. काही तर शत्रूला फसवण्यासाठी धावपट्टीच्या कडेला नुसती मांडून ठेवली, उन्हापावसात, शेतातल्या बुजगावण्यांसारखी. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस परदेशातले हौशी लोक आले, त्यांनी ती बुजगावणी भंगाराच्या भावात घेतली आणि पेट्यांत भरून नेली. मग चाळीसएक वर्षे ती या मालकाकडून त्या मालकाकडे गेली, आणि शेवटी अठरा सिलिंडरांचे, सुमारे अडीच हजार अश्वशक्तीचे ते सेंटॉरस इंजिन पुन्हा धडधडू लागले. माझ्या आजीच्या डोक्यावरून गेले ते हेच विमान, असे मी म्हणत नाही. त्याच जातीचे, त्याच दलातले, एवढे मात्र नक्की. नेणाऱ्यांना मी चोर म्हणणार नाही. ज्याने आपल्या हाताने विकले त्याने नंतर चोर चोर म्हणून ओरडू नये.

पण मराठवाड्याचे विमानांशी नाते १९४८ पासूनचे नाही, त्याच्याही आधीचे आहे, आणि ते ऐकून वाचक माझ्यासारखेच चकित होतील. पहिल्या महायुद्धात आमच्या निजाम सरकारने इंग्रजांना एक आख्खी विमानतुकडीच नजर केली होती. डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमाने, आणि एकेका विमानावर हैदराबादच्या निजामाचे नाव रंगवलेले. त्या तुकडीचे नावच पुढे 'हैदराबाद' पडले. निजामाच्या खजिन्यातला पैसा म्हणजे शेवटी कुणाचा? नांदेडच्या काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्याचा, लातूरच्या आडतीत तूर घेऊन येणाऱ्याचा. त्याला विचारले कुणी नव्हते. आपल्या घामाचे विमान जर्मनीवर बॉम्ब टाकत आहे, हे त्याला मरेपर्यंत कळले नाही.

त्यांतले एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडले. जर्मनांनी ते जाळले नाही, मोडले नाही. बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडकडे गेले आणि क्राकोला राहिले. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मिळवले, आणि त्याच्या मोबदल्यात एक स्पिटफायर विमान मोजून दिले. आज ते लंडनच्या हेंडन भागातील हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. शत्रूने जपले, मित्राने किंमत देऊन परत आणले. आणि ज्यांच्या साऱ्यातून ते झाले त्यांच्या नातवंडांना त्याचे नावही ठाऊक नाही. हे विमान मात्र उडवू नये, असे मी स्वतःच म्हणेन. ते एकुलते एक आहे. त्याचा लाकडाचा प्रत्येक तुकडा आणि कापडाचा प्रत्येक टाका हा पुरावा आहे, आणि पुरावा हवेत न्यायचा नसतो. माझा आग्रह आंधळा नाही, एवढे सांगण्यापुरते हे सांगितले.

त्याची सख्खी भावंडे म्हणजे डीएच-९ विमाने. ती राजस्थानात बिकानेरच्या राजवाड्यात, जुन्या हत्तीखान्यात, अडगळीत सापडली. लाकूड वाळवीने खाल्लेले. एका इंग्रजाने ती नेली. एक लंडनच्या युद्धसंग्रहालयासाठी उभे केले, आणि दुसरे २०१९ मध्ये उडवून दाखवले. हत्तीखान्यात आपण त्याला ऐंशी वर्षे ठेवले होते. वाळवीशिवाय कुणी त्याची चौकशी केली नाही.

यावर आमचे शहाणे म्हणतात, "अहो, ते त्यांना जमते. आपल्याकडे ती विद्या कुठे?" इथे मात्र माझा संयम सुटतो. विद्या नव्हती म्हणता? दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरला अमेरिकी बनावटीच्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानांचा मोठा ढीग पडून होता. चार इंजिनांची ती अवाढव्य धुडे इंग्रजांनी जाण्यापूर्वी मुद्दाम निकामी केली होती, पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून. नव्या भारताला बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी कानपूरच्या त्या उकिरड्यात मुक्काम ठोकला. एकाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याची चाके घेऊन एकेक विमान हवेत जाण्यापुरते उभे केले, आणि कंपनीचे वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगलोरला उडवत नेली. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. चाळीसच्या आसपास विमाने अशी उठली. १९४८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मराठवाडा मुक्त झाल्यावर दोनच महिन्यांनी, पहिली लिबरेटरे हवाई दलाच्या ताब्यात आली. त्यांतल्या काहींनी पुढे पुण्याहूनही समुद्रावर टेहळणी केली. ही विमाने आपण १९६८ पर्यंत वापरली. तोवर इतर देशांच्या दलांतून ती केव्हाच गेली होती.

आणि निवृत्त झाल्यावर? एक अमेरिकेच्या संग्रहालयात, एक कॅनडात, एक इंग्लंडात. आणखी एक इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले आणि १९८९ साली तिथे पुन्हा उडू लागले. आज जगात उडण्याजोगी लिबरेटरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतले एक आपल्या कारागिरांनी उकिरड्यातून उचललेले आहे. दिल्लीच्या पालम संग्रहालयात आपण एक ठेवले आहे. ते हलत नाही.

ज्या देशाने हे केले त्या देशातल्या मराठी माणसाला विमानाचा अभिमान कशाचा वाटतो? तळपद्यांचा! १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा आम्ही तीन पिढ्या सांगत आलो. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपट निघाला. तळपदे खटपटी गृहस्थ होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांचे विमान उडाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे दाखले अशा वेळी दिले जातात, ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासले आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत असा निर्वाळा दिला. याउलट कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे स्वतंत्र भारताचे पहिले शिकाऊ विमान आखणारे. ते विमान १९५१ साली उडाले. त्याच्यावर आपल्या वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. घाटग्यांचे नाव किती घरांत ठाऊक आहे? न उडालेल्या विमानाचे पोवाडे आणि उडालेल्या विमानाचे भंगार, असा आमचा व्यवहार आहे.

आणि भंगार विकण्यात तर आमचा हात कुणी धरणार नाही. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात विमाने सोडणारी 'विक्रांत' मुंबईच्या बंदरात संग्रहालय होऊन उभी होती. २०१२ साली ती बंद झाली, २०१४ साली साठ कोटींच्या आसपास लिलावात गेली आणि दारूखान्यात कापली गेली. तिच्या लोखंडाच्या मोटरसायकली निघाल्या. माझ्या ओळखीच्या एका तरुणाकडे ती मोटरसायकल आहे. तो मोठ्या अभिमानाने टाकीवर थाप मारून दाखवतो. त्याचा दोष नाही. त्याच्या वाट्याला तेवढाच तुकडा आला.

गेल्या काही वर्षांत सरकारला थोडी जाग आली आहे, हे कबूल केले पाहिजे. २०१२ च्या हवाई दलदिनी टायगर मॉथ उडाले. २०१८ साली डकोटा आले, ज्या जातीच्या विमानांनी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटण श्रीनगरला उतरवली. राजीव चंद्रशेखर यांनी ते स्वखर्चाने घेऊन हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. त्याला 'परशुराम' असे नाव आहे. फार चांगली गोष्ट झाली. पण ही दोन्ही विमाने दुरुस्त झाली कुठे? इंग्लंडात. कानपूरच्या उकिरड्यातून चार इंजिनांची धुडे उठवणाऱ्यांच्या नातवंडांना दोन इंजिनांच्या डकोटासाठी इंग्लंडच्या कारखान्यात जावे लागले. माझे सारे भांडण या एका गोष्टीशी आहे. विमान गेले तर दुसरे मिळेल. हात गेले ते कुठून आणाल?

विमान उडते ठेवायचे म्हणजे काय करावे लागते, पाहा. नुसते इंजिन चालू करून भागत नाही. सांगाडा उघडा करून प्रत्येक रिवेट तपासावा लागतो. वरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून गंजाने पोखरलेला असतो. मुख्य तुळईत केसाएवढी चीर असते ती डोळ्यांना दिसत नाही. रबराची प्रत्येक चकती कुजलेली असते. कारखाना बंद पडून साठ वर्षे झालेली असतात, तेव्हा सुटा भाग दुकानात मिळत नाही. जुना नकाशा शोधून, माप घेऊन, तो नव्याने घडवावा लागतो. आणि एवढे करून तपासनीस सही करतो तेव्हाच विमान उठते. चौकातल्या विमानाला यातले काही लागत नाही. त्याला रंगारी पुरतो. उडत्या विमानाला लोहार, सुतार, शिंपी, कासार आणि गणिती असे सगळे लागतात, आणि दर वर्षी लागतात. म्हणून ते उडते हवे.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. पहिला आक्षेप मराठवाड्यात कुणीही घेईल, आणि तो मला सर्वांत बोचतो. "२०१६ साली लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. शेतकरी गळफास घेतो आहे. आणि तुम्हांला जुनी विमाने सुचतात?" बरोबर आहे. पण हाच प्रश्न चौथऱ्याच्या वेळी का विचारला नाही? दिव्यांच्या, कारंज्याच्या, उद्‌घाटनाच्या मंडपाच्या वेळी का विचारला नाही? पाण्याच्या पैशाला हात लावा असे मी म्हणत नाही. जो पैसा नुसता दिसण्यासाठी उधळला जाणारच आहे, तो शिकण्यासाठी उधळा, इतकेच म्हणतो.

आणि शिकण्याचे म्हणाल तर आमच्या जिल्ह्यांची कीर्ती मोठी. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर आहे. नांदेडच्या शिकवण्यांना गावोगावची मुले येऊन खोल्या घेऊन राहतात. मी त्या मुलांना शिकवून पाठवतो. त्यांची हुशारी मला ठाऊक आहे. इंजिनाच्या कार्यक्षमतेचे गणित ती दोन मिनिटांत सोडवतात. पण कार्बुरेटर उघडून पाहिलेला मुलगा शंभरांत एक सापडत नाही. आणि त्याच गावात, त्याच रस्त्यावर, विहिरीवरचे पन्नास वर्षांपूर्वीचे किर्लोस्कर इंजिन नुसत्या आवाजावरून दुरुस्त करणारा मिस्त्री टपरीत बसलेला असतो. त्याला मुले काका म्हणतात आणि पुढे जातात. त्याची विद्या त्याच्याबरोबर जाणार. एक जुने विमान मध्ये ठेवा. या काकांना आणि त्या मुलांना एका कामाला लावा. मग बघा कोण कुणाला शिकवतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे आणि तो हसून टाळणारा मनुष्य बेजबाबदार. इंग्लंडात शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी एक जुने हंटर जेट कसरत करताना रस्त्यावर कोसळले आणि खालचे अकरा जण मेले. अमेरिकेत डॅलसला १२ नोव्हेंबर २०२२ रोजी दोन जुनी विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जण गेले. तेव्हा कसरती नकोत. गर्दीवरून उडणे नको. जेट तर नकोच. आपले मिग-२१ कितीही प्रिय असले, नाशिकजवळच्या ओझरला ती शेकडो घडली असली, तरी ते उडते ठेवणे हे कुणा संस्थेचे काम नव्हे. हलके, पंख्याचे, संथ विमान, मोकळ्या रानावरून, सरळ. एवढे पुरे.

तिसरा आक्षेप पंडितांचा. निम्मे भाग नवे बसवल्यावर ते जुने विमान कसले? यांना मी विचारतो, तुमच्या वाड्याची तुळई तुमच्या आजोबांनी बदलली, माळवदाची माती वडिलांनी बदलली, दार तुम्ही बदलले. मग वाडा कुणाचा? आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. अहिल्याबाईंनी देशभर जीर्णोद्धार केले. देव नवा झाला असे कुणी म्हणाले नाही.

एक चौथी गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच काढतो. १९४८ च्या त्या आवाजाने कुणाला सुटका वाटली आणि कुणाला धडकी भरली. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली ते त्या दिवशी आकाशाकडे हात जोडून उभे होते. पण त्यानंतरच्या आठवड्यांत याच उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते लिहून ठेवले आहे. ते काम विमानांनी केलेले नव्हे, माणसांनी केलेले. तरी जुने विमान उडवायचे ते छाती बडवण्यासाठी असेल, तर ते मला नको. माझी आजी तुरीत पडली होती तेव्हा तिच्या शेजारी शेख घराण्यातली मुलगीही पडलेली होती. दोघींना वरचे विमान कुणाचे ते माहीत नव्हते.

तेव्हा मागणे काय? फार थोडे. हवाई दलाकडे किंवा बंगलोरच्या कारखान्याकडे एखादे घाटग्यांचे एचटी-२ मागावे, मोडके असले तरी चालेल. त्याचे इंजिन दीडशेएक अश्वशक्तीचे. आमच्या मिस्त्र्याला ते समजेल. नांदेड किंवा लातूरच्या तंत्रशाळेने एक मोठी खोली द्यावी. निवृत्त हवाई दलवाले आमच्या जिल्ह्यांत गावोगाव आहेत, दूध संघात आणि बँकांच्या दारांवर पहारे करतात, त्यांना बोलवावे. धावपट्टीची चिंता नको. लातूरची धावपट्टी १९९१ पासून आहे आणि नियमित प्रवासी विमानावाचून तिने इतकी वर्षे काढली आहेत, की एका शिकाऊ विमानाचे तिला ओझे होणार नाही. दहा वर्षे लागोत. इंग्रजांना टेम्पेस्टसाठी चाळीस लागली.

सभेच्या अध्यक्षांना मी हे सर्व सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही आधी साधा अर्ज लिहा." मी लिहिला. 'चौकात बसवण्यासाठी' या शब्दांच्या जागी 'दुरुस्त करून उडवण्यासाठी' असे शब्द घातले आणि सहीसाठी पाठवला. तो तुळशीच्या लग्नानंतरच्या बैठकीत निघणार आहे. चौथऱ्याचा पाया मात्र परवा खणून झाला.